आठवर संपणारे पत्ते

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. विषय नव्हते असं नाही. एक विषय असा होता की तो लिहिल्याशिवाय दुसरं काही लिहिणं खोटं वाटायचं, आणि तो लिहायचं धाडस होत नव्हतं. असो. नमनाला घडाभर तेल नको.

गेल्या डिसेंबरात आमच्या घरात लग्न होतं, मिरजेला. शेवटची पंगत उठली होती, मांडवात खुर्च्या एकावर एक चढवणं चालू होतं आणि आम्ही भावंडं पान खात बसलो होतो. कोणीतरी माझ्या नोकरीचं विचारलं. त्यावर ताई सहज म्हणाली, "आमच्या पोराला तेवढं ते कंप्युटरचं जमलं नाही बघ. जाऊ दे, दुकान छान सांभाळतो." भाचा शेजारीच उभा होता. तो हसला. सगळे हसले. मीही हसलो.

त्या रात्री झोप लागली नाही. कारण त्याला कंप्युटरचं चांगलं जमत होतं. २०११ साली पुण्यात नक्की काय झालं हे फक्त तिघांना ठाऊक आहे: मला, त्याला आणि माझ्या तेव्हाच्या साहेबांना. साहेबांनाही अर्धंच. लग्नानंतर मी ताईला फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण 'मेमरी अलाइनमेंट' हे शब्द आले की ती म्हणते, "बरं बरं, जेवलास का?" म्हणून लिहितोय. ताई, हे तुझ्यासाठी आहे. ज्या मंडळींना सी येतं त्यांनी मधला चाळीचा भाग गाळून वाचला तरी चालेल.

तेव्हा मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. आमचं काम म्हणजे क्लासवाल्यांची व्याख्यानं रेकॉर्ड केलेली असत, ती लहान करून, आवाज साफ करून, वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये काढून द्यायची. यातलं खरं अवघड काम आमचं नव्हतंच. ते एफएफएमपेग नावाची लायब्ररी करायची. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसाने २००० साली ती सुरू केली, पुढे जगभरच्या लोकांनी वाढवली. तुम्ही व्हीएलसीवर सिनेमा बघत असाल तर आतलं बरंचसं कष्टाचं काम हीच करते. आम्ही तिच्यावर आमचे चार फिल्टर लावले होते. त्यातला आवाजाची पातळी सारखी करणारा फिल्टर माझा. मला त्याचा फार अभिमान होता, कारण तो मी एसएसई वापरून लिहिला होता आणि साध्या सीपेक्षा तो चांगलाच पळायचा.

भाचा सांगलीहून बीएस्सी कंप्युटर करून आला होता. मीच साहेबांकडे शब्द टाकला होता. सहा महिने ट्रेनी, मग कायम, असं ठरलं. पहिला महिना आमच्याकडेच राहिला, मग कॉट बेसिसवर खोली घेतली. ऑफिसात 'सर' म्हणायचं असं मी त्याला बजावलं होतं, पण गडबडीत तो मामाच म्हणायचा. नव्या मुलांना जुनी मशिनं मिळायची, तसं त्याला एक ३२ बिटवालं लिनक्स मशीन मिळालं. माझ्याकडे नवं कोरं ६४ बिटवालं. हा तपशील लक्षात ठेवा.

आता चाळ.

कंप्युटरची मेमरी म्हणजे एक प्रचंड लांब चाळ समजा. प्रत्येक खोलीत एक बाइट राहतो. खोल्यांना ० पासून नंबर आहेत आणि प्रत्येक मजल्यावर १६ खोल्या. पेपरवाला एकेका खोलीपुढे एकेक पेपर टाकत जातो, तसं साधा प्रोग्रॅम काम करतो. पण इंटेलने १९९९ साली पेंटियम थ्रीमध्ये एसएसई आणलं, तेव्हापासून प्रोसेसर अख्खा मजला एका झटक्यात उचलू शकतो. सोळा खोल्यांवर बसेल अशी लांब फळी घेतली, ठेवली, झालं. आवाजाचे चार नमुने एकदम. माझा फिल्टर पळायचा तो या फळीमुळे.

अट एकच. फळी मजल्याच्या पहिल्या खोलीपासून लागली पाहिजे. तुमची जागा आठव्या खोलीपासून सुरू होत असेल तर अर्धी फळी या मजल्यावर आणि अर्धी वरच्या. प्रोसेसरकडे उचलायच्या दोन आज्ञा आहेत. मूव्ह-यू-पीएस ही 'यू'वाली आज्ञा फळी कशीही असली तरी निभावून नेते, जुन्या प्रोसेसरांवर मात्र हळू. मूव्ह-ए-पीएस ही 'ए'वाली म्हणजे अलाइन्ड. ती जागा सोळाच्या पटीत नसेल तर काहीही निभावत नाही, तिथल्या तिथे प्रोग्रॅम पाडते. मी अर्थातच 'ए'वाली वापरली होती. वेग!

मेमरीचे पत्ते छापताना सोळाच्या पद्धतीत छापतात, म्हणजे नऊनंतर ए, बी, सी करत एफपर्यंत. त्यामुळे मजल्याच्या पहिल्या खोलीचा पत्ता नेहमी शून्यावर संपतो. आठवर संपला की समजायचं, आपण मजल्याच्या मध्यावर उभे आहोत.

खोल्या कोण देतं? सीमध्ये मॅलॉक नावाचा व्यवस्थापक असतो. त्याला म्हणायचं, मला इतक्या खोल्या सलग दे. तो देतो, पण कुठून सुरू होणाऱ्या देईल याबद्दल त्याचे स्वतःचे नियम आहेत. लिनक्सवरचा ६४ बिटवाला मॅलॉक नेहमी सोळाच्या पटीतच देतो. ३२ बिटवाला तेव्हा आठच्या पटीत द्यायचा. म्हणजे कधी शून्यावर संपणारा पत्ता, कधी आठवर, नशिबाप्रमाणे. (२०१७ साली तोही सोळावर आला. आम्हाला उशीर झाला.)

हे एफएफएमपेगवाल्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून त्यांनी स्वतःचा व्यवस्थापक ठेवला, एव्ही-मॅलॉक. त्याचा पत्ता फळी लावण्याजोगाच असतो. ज्या सिस्टिमवर अलाइन केलेली मेमरी मागायची सोय आहे तिथे तो तीच वापरतो, लिनक्सवर पॉसिक्स-मेमअलाइन. जिथे सोय नव्हती तिथे त्यांनी पूर्वी एक युक्ती ठेवली होती, आणि ती मला आजही फार आवडते. हव्या त्यापेक्षा सोळा खोल्या जास्त मागायच्या. मिळाल्या की पुढच्या मजल्याच्या सुरुवातीपर्यंत सरकायचं आणि तिथली खोली भाडेकरूला द्यायची. आता सोडून जाताना व्यवस्थापकाला मूळ खोलीचाच नंबर सांगावा लागतो, नाहीतर तो ओळख दाखवत नाही. तर मधे रिकाम्या राहिलेल्या खोल्यांपैकी अगदी शेवटच्या खोलीत, म्हणजे भाडेकरूच्या दाराच्या लगेच अलीकडे, एक चिठ्ठी ठेवायची: किती खोल्या सरकलो. परत करताना एव्ही-फ्री ती चिठ्ठी वाचतं, तेवढं मागे जातं आणि मूळ खोली परत करतं. मॅलॉकने आधीच सोळाच्या पटीतला पत्ता दिला असेल तरीही अख्खे सोळा सरकायचं, नाहीतर चिठ्ठीला जागा कुठली? सगळा हिशेब दोन-तीन ओळींचा. असं काही वाचलं की मला लिहिणाऱ्याला चहा पाजावासा वाटतो.

एफएफएमपेगमध्ये हा सोळाचा आकडा पुढे वाढला. २०११ मध्ये बाजारात आलेल्या एव्हीएक्सच्या प्रोसेसरांसाठी बत्तीस, नंतर एव्हीएक्स-५१२ साठी चौसष्ट. फळी लांब होत गेली, मजला रुंद होत गेला.

राहिला रीअ‍ॅलॉक. म्हणजे बिऱ्हाड वाढलं, जास्त खोल्या हव्यात. रीअ‍ॅलॉक शेजारी जागा असेल तर तिथेच वाढवून देतो, नसेल तर सगळं सामान उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. सामान एकही वस्तू न हरवता नेतो. पण आधी तुम्ही मजल्याच्या पहिल्याच खोलीचा हट्ट धरला होतात हे त्याच्या गावीही नसतं. नवी जागा त्याच्या नेहमीच्या नियमाने. एफएफएमपेगच्या स्वतःच्या एव्ही-रीअ‍ॅलॉकच्या माहितीतही आज स्पष्ट इशारा दिलाय की परत मिळालेला पत्ता अलाइन असेलच असं नाही. आणि २०११ च्या सीच्या प्रमाणात अलाइन मेमरी मागायचं फंक्शन आलं, पण ती वाढवायचं आलं नाही. ते काम ज्याचं त्याने करायचं: नवी जागा मागा, सामान हलवा, जुनी सोडा.

चाळ संपली.

त्या वर्षी पावसाळ्यात आमचा प्रोग्रॅम पडायला लागला. नेहमी नाही. दहा फायली नीट जायच्या, अकराव्याला 'सेगमेंटेशन फॉल्ट'. तीच फाइल पुन्हा लावली तर कधी जायची. माझ्या मशीनवर एकदाही नाही. भाच्याच्या मशीनवर रोज. आणि त्याच आठवड्यात त्याने त्याच भागात पहिलंवहिलं काम केलं होतं, किती टक्के झालं ते दाखवणारी पट्टी. सगळं कसं सरळ दिसत होतं.

त्याने काय केलं ते सांगतो. त्याची एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम पडला की डीबगरमध्ये बघून तो फाइलचं नाव, वेळ आणि बफरचा पत्ता वहीत उतरवायचा. तीन-चार दिवसांनी माझ्या टेबलाशी आला.

"मामा, पडतो तेव्हा पत्ता आठवर संपतो. सातही वेळा."

"बफर एव्ही-मॅलॉकने घेतलाय," मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हणालो. "पत्ता शून्यावरच संपणार. तू चुकीच्या ठिकाणी छापतोयस."

"तीनदा बघितलं मामा. आणि तिथली मेमरी वाचताही येतेय, सगळे आकडे बरोबर आहेत. तरी पडतो."

"मग चौथ्यांदा बघ. आणि सर म्हण."

ज्यांना सी येतं त्यांना कळलंच असेल की त्या पोराने अख्खा रोग ओळखून माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. वाचता येणाऱ्या मेमरीवर प्रोग्रॅम पडतो आणि पत्ता आठवर संपतो, याला दुसरं कारणच नाही. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मला अर्ध्या मिनिटात उमजलं असतं. पण तो भाचा होता, दोन महिन्यांचा ट्रेनी होता, आणि बफर एव्ही-मॅलॉकने घेतलाय हे मला पक्कं ठाऊक होतं. मीच लिहिलं होतं ना ते.

पुढच्या सोमवारी क्लायंटपुढे डेमो होता, त्यांच्याच मशीनवर. तेही ३२ बिटवालं. तिसऱ्या फायलीला प्रोग्रॅम पडला. परत लावला, परत पडला. क्लायंट भला माणूस, काही बोलला नाही, फक्त घड्याळ बघितलं. परत आल्यावर साहेबांनी खोलीत बोलावून विचारलं, काय भानगड आहे? आणि मी म्हणालो, "नव्या मुलाने त्या भागात बदल केलाय. मी बघतो."

एवढंच वाक्य. यातला एकही शब्द खोटा नाही. बदल त्याने केला होता, आणि मी बघणारही होतो. साहेबांनी मात्र त्याच आठवड्यात त्याचं ट्रेनिंग थांबवलं. मला विचारलं सुद्धा, "तुमचे नातलग आहेत, तुमची काही हरकत?" मी म्हणालो, कामाच्या ठिकाणी नातं आणायचं नाही. किती बाणेदार! तो कोयना एक्स्प्रेसने मिरजेला गेला. स्टेशनवर सोडायला मी गेलो होतो. वही त्याच्या मांडीवर होती. मी त्याला सांगितलं, अनुभव वाढव, परत प्रयत्न करू. दाजींनी नंतर फोन केला तेव्हा मीच म्हणालो, "पोरगा हुशार आहे, पण या लायनीत बारकावा लागतो." दाजी आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहिलं.

त्याची पट्टी काढून टाकली तरी प्रोग्रॅम पडतच होता.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी ऑफिसात कोणी नसताना, मी त्याच्या जुन्या मशीनवर बसलो आणि पडलेल्या जागेचा पत्ता बघितला. शेवटचा आकडा आठ. मग बफर कुठेकुठे हलतो ते शोधत गेलो. काही रेकॉर्डिंगमध्ये व्याख्यान मोनो होतं आणि शेवटची प्रश्नोत्तरं स्टिरिओ. तिथे बफर दुप्पट करावा लागायचा. दुप्पट करणारी ओळ दुसऱ्याच फायलीत होती, आणि तिथे साधा रीअ‍ॅलॉक होता. ६४ बिटवर तो कुठेही गेला तरी सोळाच्याच पटीत जाणार, म्हणून माझ्याकडे कधी पडलं नाही. ३२ बिटवर कधी शून्य, कधी आठ.

आम्ही तेव्हा एसव्हीएन वापरायचो. त्यात कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी एक आज्ञा आहे, आणि त्या आज्ञेचं नावच 'ब्लेम' आहे. ती चालवली. त्या ओळीपुढे माझं नाव होतं, तारीख भाचा पुण्यात यायच्या पाच महिने आधीची. चेक-इन करताना मी लिहिलं होतं, 'छोटी सुधारणा'. कधी केली, का केली, आजही आठवत नाही. घाईत असणार.

दुरुस्ती चार ओळींची होती. रीअ‍ॅलॉक काढला, नवा एव्ही-मॅलॉक, मजकूर हलवला, जुना एव्ही-फ्री. सोमवारी साहेबांना सांगितलं, "अलाइनमेंटचा प्रॉब्लेम होता, सुटला." ते म्हणाले, "कुणाचा होता?" मी म्हणालो, "जुनाच होता." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या कामाचं बोलायला लागले. भाच्याला त्या रात्री फोन केला आणि खरं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे मामा, सापडलं ना." तोपर्यंत तो दुकानात बसायला लागला होता. परत बोलवायचं तर साहेबांना पूर्ण गोष्ट सांगावी लागली असती. मी विचार करतो म्हणालो, आणि विचार करत राहिलो. ताईला सांगू का असं त्याने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. त्याने घरी कधीच काही सांगितलं नाही हे मला डिसेंबरात कळलं, त्या पंगतीनंतर.

ताई, तर हे असं झालं. तुझ्या मुलाला बारकावा दिसत होता, मला नव्हता. दाजींना मी जे सांगितलं ते बरोबर उलटं होतं. आणि पुढची इतकी वर्षं मी दर दिवाळीला तुझ्याकडे येऊन फराळ करून गेलो.

इथे टाकायच्या आधी हे सगळं त्याला पाठवलं होतं. नको म्हणाला असता तर टाकणार नव्हतो. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा त्याचा निरोप आला, सोबत वहीच्या एका पानाचा फोटो. वही अजून आहे त्याच्याकडे, मागच्या पानांवर रंगाच्या डब्यांचे हिशेब आहेत. फोटोतल्या पानावर पत्ते एकाखाली एक, ओळीत मांडलेले, सगळे आठवर संपणारे. सर्वांत खाली वेगळ्या पेनाने लिहिलंय, 'बफर वाढवताना पत्ता बदलतो का? रीअ‍ॅलॉक? मामांना विचारणे.' त्यापुढे बरोबरची खूण नाही.

निरोप असा होता: "मामा, सात नव्हते, डेमोपर्यंत अकरा झाले होते. तेवढं दुरुस्त कर. बाकी टाक. आईला चाळीचं कळेल, पुढचं मी वाचून सांगतो."